पटसंख्या, अनुदान आणि बालशाळेचे मूल्यमापन : एका रूढ रीतीची चिकित्सा

१. प्रश्नाचे स्वरूप

सार्वजनिक खर्चाने चालणाऱ्या एखाद्या संस्थेचे मूल्यमापन करावयाचे झाले म्हणजे प्रथम दोन आकडे मागविण्यात येतात. संस्थेचा लाभ किती जणांनी घेतला हा एक, आणि तिच्यावर किती पैसा खर्ची पडला हा दुसरा. दुसऱ्या आकड्यास पहिल्याने भागले की दरडोई खर्च निघतो. तो इतर संस्थांच्या दरडोई खर्चाशी ताडून पाहिला की निर्णय हाती आल्यासारखे वाटते. धरण, दवाखाना किंवा ग्रंथालय यांच्या बाबतीत ही रीत कितपत टिकते हा निराळा विषय आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या सार्वजनिक शाळेस ती लावली असता काय होते, एवढाच प्रश्न येथे विचारात घेतला आहे.

हा प्रश्न केवळ संशोधनपद्धतीचा नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पटाच्या प्राथमिक शाळांच्या जागी समूहशाळा स्थापन करण्याचा विचार शासनस्तरावर पुढे आला आणि पानशेत व तोरणमाळ येथील प्रयोग नमुना म्हणून दाखविण्यात आले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे. तेव्हा प्राथमिक शाळेस लावलेला न्याय त्याखालच्या वयास लावण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. आकड्यांच्या वाचनात चूक झाली तर तिची किंमत अहवाल लिहिणारास नव्हे, तर ज्यास अद्याप लिहिता येत नाही त्या मुलास द्यावी लागेल.

विवेचनास एक भूमी हवी म्हणून कुडाळ तालुक्यातील वालावल हे गाव घेतले आहे. कर्ली नदीच्या काठचे हे गाव लक्ष्मीनारायणाच्या देवालयासाठी आणि त्यालगतच्या तळ्यासाठी प्रसिद्ध आहे. दक्षिण कोकणातील बहुतेक गावांप्रमाणे त्याचीही वस्ती एका जागी गोळा झालेली नाही. ती वाड्यावाड्यांनी विखुरलेली आहे. येथे परीक्षा गावाची किंवा त्यातील कोणत्याही केंद्राची नाही. परीक्षा मापाची आहे : हे माप अशा भूमीवर ठेवले असता काय दाखविते आणि काय झाकते, हे पाहावयाचे आहे.

२. शब्दांची साक्ष

कोणत्याही विवरणपत्राची चिकित्सा त्यातील शब्दांपासून सुरू करणे श्रेयस्कर असते. कारण रकान्यात आकडा पडण्यापूर्वी त्या रकान्यास नाव पडलेले असते, आणि ते नावच काय मोजावयाचे हे ठरविते.

पहिला शब्द ‘पट’. पट म्हणजे नावांची यादी. ‘मूल पटावर आहे’ आणि ‘मूल शाळेत आहे’ ही दोन वाक्ये समानार्थी नाहीत, हे महाराष्ट्राने ऑक्टोबर २०११ च्या पटपडताळणीत पाहिले. त्या वेळी राज्यभर शाळांमध्ये प्रत्यक्ष शिरगणती झाली आणि अनेक ठिकाणी यादीवरील नावे व वर्गातील मुले यांत मोठे अंतर आढळले. त्यातून निघणारा बोध केवळ नैतिक नाही. ज्या आकड्यावर अनुदान अवलंबून असते तो आकडा मोजमापाचे साधन म्हणून दुबळा होत जातो, हा त्यातील शास्त्रीय भाग होय.

दुसरा शब्द ‘लाभार्थी’. एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या भाषेत सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतची मुले, गरोदर स्त्रिया व स्तनदा माता हे सारे लाभार्थी होत. व्याकरणाच्या दृष्टीने पाहता या शब्दाने मूल नेहमी संप्रदानाच्या जागी बसते : मुलास आहार दिला, मुलास लस दिली, मुलास पूर्वशालेय शिक्षण दिले. आहार आणि लस यांच्या बाबतीत ही वाक्यरचना यथार्थ आहे. परंतु ‘मूल बोलते’, ‘मूल विचारते’, ‘मूल गोष्ट सांगते’ या वाक्यांत मूल कर्ता असते, आणि शिक्षण घडते ते या वाक्यांत. विवरणपत्राच्या व्याकरणात त्यांना जागा नाही.

तिसरा शब्द ‘मानधन’. अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना मिळणारा पैसा वेतन नसून मानधन आहे, अशी दीर्घकाळ भूमिका होती. गुजरातमधील एका प्रकरणात २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, १९७२ चा उपदान कायदा या स्त्रियांस लागू होतो आणि त्यांना मिळणारे मानधन त्या कायद्याच्या अर्थाने वेतनच ठरते. बालकांच्या शिक्षणहक्क कायद्याचे ११ वे कलम पूर्वशालेय शिक्षणाची व्यवस्था शासनाने करण्यासंबंधी आहे, आणि अंगणवाड्या तेच काम करीत आहेत, याकडेही त्या निर्णयात लक्ष वेधलेले आहे. एका शब्दाच्या अर्थाने किती पैशाचा प्रश्न उभा राहतो याचे हे उदाहरण भाषेच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘अंगणवाडी’. ‘बालवाडी’ या शब्दातील ‘वाडी’ म्हणजे बाग. कोकणात या शब्दाचे दोन्ही अर्थ जिवंत आहेत : माडा-पोफळींची वाडी आणि माणसांच्या वस्तीची वाडी. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे जे कार्य केले त्यातून अंगणवाडीची कल्पना पुढे आली. तिच्यात हे दोन्ही अर्थ जणू एकत्र आले : मुलांची बाग मुलांच्या वस्तीत न्यावयाची. यातील ‘अंगण’ हा शब्द मात्र वालावलच्या मुलाच्या तोंडचा नव्हे. तो घरापुढच्या त्या जागेस ‘खळां’ म्हणतो. संस्थेच्या नावातील पहिलाच शब्द घरच्या बोलीहून निराळा असावा, ही गोष्ट लहान असली तरी पुढील विवेचनाच्या दृष्टीने सूचक आहे.

३. पट : कशाच्या तुलनेत?

पटसंख्या हा अंश आहे. छेद सांगितल्यावाचून त्यास अर्थ येत नाही. एखाद्या केंद्राचा पट दहा वर्षांत तीसवरून पंधरावर आला असे कळले तर केंद्र ओसरले असे म्हणता येईल काय? वाडीत त्या वयाची मुलेच साठांवरून पंधरांवर आली असतील तर केंद्राने आपले काम अर्ध्यावरून पूर्णतेस नेले आहे. उलट मुले तीसच राहिली असतील तर अर्धी मुले गमावली आहेत. पटाचा आकडा दोन्ही ठिकाणी एकच.

सिंधुदुर्गात हा भेद कल्पनेतला नाही. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. त्याच दशकात राज्याची लोकसंख्या सुमारे सोळा टक्क्यांनी वाढली असता या जिल्ह्याची दोन टक्क्यांहून अधिक घटली. कारणे सर्वांस परिचित आहेत. मुंबईच्या गिरण्यांच्या काळापासून चाकरमानी हा येथील कुटुंबाचा आधार राहिला आहे. पूर्वी पुरुष जात आणि बायकामुले गावी राहत. पुढे तरुण जोडपीच शहरात संसार मांडू लागली. गणेशचतुर्थीस व मे महिन्यात वाड्या मुलांनी भरून जातात, पण त्यांतील फार थोड्यांची नावे गावच्या पटावर असतात. म्हणून अशा गावात पट घटणे हा प्रथम जनसंख्येचा पुरावा आहे. शाळेच्या दर्जाचा पुरावा म्हणून तो मांडावयाचा तर स्वतंत्र आधार लागेल.

पट घटण्याचे दुसरे कारण निवडीचे आहे. तालुक्याच्या गावी इंग्रजी माध्यमाचा शिशुवर्ग असतो, त्याची गाडी वाडीच्या तोंडाशी येते, आणि ज्यास परवडते तो पालक मुलास तिकडे घालतो. येथे घटलेला पट पालकांच्या मताचा पुरावा होऊ शकतो, परंतु ते मत कशाविषयी आहे हे पाहिले पाहिजे. ते बालशिक्षणाच्या दर्जाविषयी असेल, इंग्रजीविषयी असेल, किंवा केवळ गाडीविषयीही असेल.

तिसरे कारण भूगोलाचे. अंगणवाडी मंजूर करण्याचे निकष लोकसंख्येवर बांधलेले आहेत : साधारण क्षेत्रात ४०० ते ८०० लोकवस्तीस एक केंद्र आणि १५० ते ४०० वस्तीस एक मिनी अंगणवाडी. सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान चाळीस मुले असतील तिला मागणीपासून तीन महिन्यांत अंगणवाडी मिळावी असे ठरवून दिले. हा आदेश देशभरच्या वंचित वस्त्यांना उपकारक ठरला आणि आकड्यांचा योग्य उपयोग कसा करावा याचा तो उत्तम दाखला आहे. परंतु कोकणातील वाडीत चाळीस मुले एकत्र सापडणे दुर्मीळ. आणि दोन वाड्यांमधील नकाशावरचे अर्धा मैल अंतर जुलै महिन्यात अर्धा मैल राहत नाही. मध्ये व्हाळ असतो, त्यावर साकव असतो किंवा नसतो, आणि चालावयाचे असते तीन वर्षांच्या मुलास.

पट कसा वाचावा याचा धडा या योजनेच्या पूर्वेतिहासातच मिळतो. बोर्डीला बालवाडी सुरू झाल्यावर गरीब व अस्पृश्य मानल्या गेलेल्या वस्त्यांतील मुले तेथे येईनात. रूढ रीतीने पाहिले असते तर ‘मागणी नाही’ असा शेरा पडला असता. ताराबाईंनी त्या अनुपस्थितीचा अर्थ निराळा लावला : मुले येत नाहीत याचा अर्थ शाळा चुकीच्या जागी आहे. म्हणून शाळाच वस्तीच्या अंगणात गेली. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली ती याच विचाराने. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रायोगिक प्रकल्पांनी बालविकास योजनेचा आरंभ झाला; महाराष्ट्रात मेळघाटातील धारणी हा त्यांपैकी एक होता. त्या योजनेने अंगणवाडी हे नाव उचलले. नावाबरोबर ती वाचनाची रीतही उचलली जावयास हवी होती.

४. अनुदान : कशासाठी आणि कोणासाठी?

आता दुसऱ्या आकड्याकडे वळावे. अंगणवाडीवरील खर्च एकजिनसी नाही. त्याचा एक भाग मुलांच्या संख्येबरोबर वाढतो व घटतो. दुसरा भाग केंद्र उघडे आहे तोवर स्थिर राहतो. पूरक पोषण आहाराचा खर्च पहिल्या प्रकारचा. २०१७ मध्ये सुधारलेल्या दराप्रमाणे सर्वसाधारण मुलामागे दिवसास ८ रुपये आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर एका मुलाचे २,४०० रुपये होतात. मुले दहा असोत वा चाळीस, दर मुलामागचा आकडा तोच. मानधन दुसऱ्या प्रकारचे. महाराष्ट्राच्या २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात सेविकेचे मासिक मानधन ८,३२५ वरून १०,००० रुपये आणि मदतनिसाचे ४,४२५ वरून ५,५०० रुपये करण्याची घोषणा झाली. पुढे या रकमा वाढल्या. येथे गणिताची रीत दाखवावयाची असल्याने हेच आकडे घेतले आहेत. दोघींचे वर्षाचे मानधन १,८६,००० रुपये होते.

या रकमेस केंद्रातील तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या संख्येने भागावे. मुले चाळीस असतील तर दरडोई ४,६५० रुपये, वीस असतील तर ९,३००, आणि दहा असतील तर १८,६००. आहार मिळवून हे आकडे अनुक्रमे ७,०५०, ११,७०० आणि २१,००० होतात. दहा मुलांचे केंद्र चाळीस मुलांच्या केंद्राच्या जवळजवळ तिप्पट ‘महाग’ ठरले. ज्याच्या हाती एवढेच कोष्टक आहे त्यास लहान केंद्र ही उधळपट्टी वाटल्यास नवल नाही.

परंतु या भागाकारात दोन दोष आहेत. पहिला हिशेबाचा. सेविकेचे सगळे मानधन पूर्वशालेय वर्गावर टाकणे अयुक्त होय. तिच्याकडे गृहभेटी आहेत, वजने आहेत, लसीकरणाचा दिवस आहे, तीन वर्षांखालील मुलांचा घरी न्यावयाचा आहार आहे, गरोदर स्त्रियांची नोंद आहे. या योजनेच्या सुधारित माहितीपद्धतीत अंगणवाडीसाठी अकरा नोंदवह्या ठरविण्यात आल्या. त्यांतील पूर्वशालेय शिक्षणाची वही एकच होती. २०२१ पासून पोषण ट्रॅकर आला आणि नोंदीचे साधन बदलले. कामाची विभागणी त्याने बदलली नाही. संयुक्त खर्च एकाच कामावर लादला की ते काम महाग दिसते, हा हिशेबशास्त्रातील प्राथमिक नियम आहे.

दुसरा दोष अधिक खोल आहे. पैशास मुलांनी भागले तसे वेळेसही भागून पाहावे. सेविकेस दिवसातून दोन तास मुलांपाशी बसता आले असे क्षणभर धरले तर चाळीस मुलांत प्रत्येकाच्या वाट्यास तीन मिनिटे, विसांत सहा, दहांत बारा मिनिटे येतात. राष्ट्रीय पातळीवरील बालशिक्षण आराखड्याने तीन ते सहा या वयासाठी एका प्रौढ व्यक्तीमागे वीस मुले हे प्रमाण योग्य मानले आहे. म्हणजे दरडोई खर्चाच्या कोष्टकात जे केंद्र सर्वांत स्वस्त ठरते तेच लक्ष देण्याच्या बाबतीत सर्वांत दरिद्री असते. दोन्ही आकडे एकाच छेदातून निघतात. विवरणपत्रात येतो तो पहिलाच.

५. एकत्रीकरणाचे गणित

या रीतीचा परिणाम एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. एका गावात दोन वाड्यांत दोन केंद्रे आहेत आणि प्रत्येकात बारा मुले आहेत असे समजावे. मुले चोवीस, दोन्ही केंद्रांचे मानधन ३,७२,००० रुपये, दरडोई १५,५००. खर्च अधिक म्हणून एक केंद्र बंद करून दुसऱ्यात विलीन केले. दूरच्या वाडीतील बारांपैकी सहा मुले व्हाळ ओलांडून येऊ लागली आणि सहा घरी राहिली. आता उरलेल्या केंद्राचा पट बारावरून अठरावर गेला, म्हणजे दीडपट झाला. खर्च १,८६,००० वर आला. दरडोई आकडा १०,३३३ झाला, म्हणजे एक तृतीयांशाने उतरला. पट वाढला आणि खर्च घटला. रूढ मापाने ही सुधारणा निर्विवाद आहे.

जी सहा मुले घरी राहिली ती मात्र कोष्टकात कोठेच नाहीत. ती अंशातून गेली तशी छेदातूनही गेली. किंबहुना ती गेली म्हणून निष्कर्ष बिघडण्याऐवजी डागाळल्यावाचून राहिला. बाराच्या बारा मुले आली असती तर दरडोई मानधन ७,७५० रुपये झाले असते, हे खरे. पण ती न आल्याबद्दल हे माप कोणास प्रश्न विचारीत नाही. ज्या मापात मूल गमावल्याची खूणच उमटत नाही ते माप शाळेच्या मूल्यमापनास अपुरे आहे असे म्हणणे प्राप्त होते.

यावर उपाय म्हणून नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. प्रत्येक अंगणवाडीत कुटुंबांच्या पाहणीची नोंद असते. वाडीत कोणत्या घरी कोणत्या वयाचे मूल आहे हे तीत येते. ही नोंद व पूर्वशालेय हजेरीची नोंद एकापुढे एक ठेवून वाचल्या तर ती सहा मुले तत्काळ दिसतात. माहितीची उणीव नाही. दोन माहित्या एकत्र वाचण्याची सवय नाही.

६. पैसा आणि फलित

येथे एक आक्षेप संभवतो. पट व पैसा अपुरे असले तरी अधिक मुले आणि अधिक पैसा म्हणजे अधिक चांगले फळ, एवढे तरी स्थूलमानाने खरे नाही काय? इतरत्र झालेल्या अभ्यासांनी या प्रश्नास जे उत्तर दिले आहे ते एकेरी नाही.

अमेरिकेतील मिशिगन राज्यात १९६२ मध्ये सुरू झालेल्या पेरी प्रकल्पात केवळ १२३ मुले होती. त्यांतील काहींस उत्तम बालशिक्षण मिळाले, काहींस नाही, आणि दोन्ही गटांचा मागोवा वयाच्या चाळिशीपर्यंत घेण्यात आला. शिक्षण मिळालेला गट शालेय प्रगती, मिळकत आणि कायदापालन यांत पुढे राहिला. पट लहान, दरडोई खर्च मोठा, फळ दीर्घकालीन. याच्या उलट टेनेसी राज्याने सार्वजनिक खर्चाने चालविलेल्या विस्तृत योजनेचा जो अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला त्यात असे आढळले की, सहाव्या इयत्तेपर्यंत त्या वर्गांत गेलेली मुले न गेलेल्या मुलांपेक्षा राज्याच्या परीक्षांत मागे पडली होती. तेथे पट होता, अनुदानही होते.

भारतातील पुरावा अधिक उद्बोधक आहे. तामिळनाडूतील अंगणवाड्यांत गॅनिमियन, मुरलीधरन व वॉल्टर्स यांनी यादृच्छिक निवडीने एक प्रयोग केला. काही केंद्रांस अर्धवेळ काम करणारी एक जादा कार्यकर्ती देण्यात आली. त्यायोगे पूर्वशालेय शिकवण्याचा प्रत्यक्ष वेळ दुप्पट झाला. अठरा महिन्यांनी केंद्रात टिकलेल्या मुलांची गणित व भाषा या दोन्हींत स्पष्ट प्रगती दिसली. ती गणितापेक्षा भाषेत अधिक होती. शिवाय खुंटलेल्या वाढीचे प्रमाणही कमी झाले. म्हणजे आहार आणि शिक्षण परस्परांचे प्रतिस्पर्धी नव्हते.

या तीन उदाहरणांतून एक मर्यादित पण उपयुक्त अनुमान निघते. पैशाचे फळ त्याच्या राशीवर ठरत नाही. तो मुलाच्या वाट्यास येणाऱ्या प्रौढांच्या लक्षात, वेळेत व संभाषणात रूपांतरित होतो की नाही, यावर ते ठरते. अनुदानाचा आकडा वाचताना हे रूपांतर कोठे झाले, असा प्रश्न विचारावयास हवा.

७. नसलेला रकाना

संभाषणाचा उल्लेख आला की भाषेचा प्रश्न अटळ होतो, आणि वालावलसारख्या गावात तो विशेष तीव्र आहे. येथील मुलाची घरची बोली मालवणी. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ च्या सातव्या खंडात ती कुडाळी या नावाने आली आहे आणि तिची गणना कोंकणीच्या बोलींत केली आहे. तिला मराठीची बोली म्हणावे की कोंकणीची, हा वाद येथे अप्रस्तुत आहे. तीन वर्षांच्या मुलास महत्त्वाचे एवढेच की, ते ‘मला’ म्हणत नाही, ‘माका’ म्हणते. त्याचा कावळा ‘कावळो’ असतो आणि आंबा ‘आंबो’. विहिरीस ते ‘बाव’ म्हणते. आणि मुलगी हा शब्द त्याच्या बोलीत ‘चेडू’ असून तो नपुंसकलिंगी चालतो. येथे भेद केवळ शब्दांचा नाही. लिंगव्यवस्था व प्रत्यय यांचा आहे. म्हणजे मुलाने आत्मसात केलेले व्याकरणच निराळे आहे, आणि ते पूर्ण आहे.

अशा मुलापुढे विहिरीचे चित्र ठेवून नाव विचारले आणि उत्तरपत्रिकेत ‘विहीर’ असेल, तर ‘बाव’ हे उत्तर चुकीचे ठरते. मूल वस्तू ओळखते, नाव जाणते, प्रश्न समजते, उत्तर देते. तरीही नोंदीत ते मागे पडते. असे दहा शब्द झाले की ‘भाषिक विकास असमाधानकारक’ असा शेरा तयार. हा शेरा मुलाविषयी काही सांगत नाही. तो कसोटीविषयी सांगतो.

धोरणाच्या पातळीवर हे सत्य मान्य झालेले आहे. २०१३ च्या बालशिक्षणविषयक राष्ट्रीय धोरणाने घरच्या भाषेस अग्रस्थान दिले. २०२० च्या धोरणाने शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत घरची भाषा वा मातृभाषा हे माध्यम असावे असे म्हटले. ‘पोषण भी पढाई भी’ हा कार्यक्रम मे २०२३ मध्ये जाहीर झाला, त्याच्या नावातच शिक्षणास आहाराच्या बरोबरीचे स्थान आहे. परंतु धोरणातील वाक्य आणि विवरणपत्रातील रकाना यांत अंतर राहिले आहे. किती मुले आली, किती जेवली, किती भरली याचे रकाने आहेत. सेविका मुलाशी कोणत्या भाषेत बोलली, मूल किती बोलले, हे विचारणारा रकाना नाही.

या उणिवेमुळे केंद्राचे एक मोठे भांडवल हिशेबाबाहेर राहते. सेविका स्थानिक रहिवासी असावी असा या योजनेचा नियम आहे. त्याचा हेतू सोयीचा असेल. परिणाम भाषिक आहे. जी स्त्री त्याच वाडीत राहते ती मुलाचे ‘माका व्हया’ समजते, त्यास त्याच्या बोलीत उत्तर देते, आणि पुढच्या वाक्यात ‘तुला हवे का?’ असे म्हणून प्रमाण मराठीचा साकव टाकते. हे ती प्रशिक्षणावाचून, दिवसातून अनेकदा करते. ज्या शिशुवर्गात घरची बोली, प्रमाण मराठी व इंग्रजी या तीन पायऱ्यांतील मधली पायरीच काढून टाकलेली असते त्याच्याशी तुलना करावयाची झाली तर या कौशल्याची नोंद प्रथम व्हावी लागेल. तसे न करता दोहोंचा पट व खर्च तेवढा ताडला तर ती तुलना शाळांची राहत नाही. इमारती व गाड्या यांची होते.

८. उपसंहार

वरील विवेचनाचा हेतू आकडे त्याज्य ठरविणे हा नाही. आकडे नसते तर २००६ चा आदेश निघाला नसता, आणि ज्या वस्त्यांस केंद्र नव्हते त्यांचा आवाज न्यायालयापर्यंत पोचला नसता. पट हा प्रश्न म्हणून वाचला तर उपकारक आहे. निकाल म्हणून वाचला तर घातक. अनुदानाचेही तसेच. पटाच्या मागे वाडीतील मुलांची संख्या उभी करावी, अनुदानाच्या मागे मुलाच्या वाट्यास आलेली मिनिटे उभी करावीत, आणि दोहोंच्या पुढे मुलाची भाषा ठेवावी. या क्रमाने वाचलेले आकडे मूल्यमापनास पात्र ठरतील.

पदव्युत्तर अभ्यासकास हे काम आवाक्याबाहेरचे नाही. एक वाडी घ्यावी. कुटुंब नोंदवहीतील तीन ते सहा वर्षांच्या मुलांची यादी करावी आणि जुलै, नोव्हेंबर व मार्च या तीन महिन्यांतील एकेका साध्या दिवशी, कोणतीही पाहणी जाहीर न करता, त्यांतील किती मुले प्रत्यक्ष बसली आहेत ते मोजावे. सेविका मुलांशी बोलते तो वेळ घड्याळ लावून टिपावा. वर्षाच्या आरंभी व अखेरीस प्रत्येक मुलास काल घरी काय झाले ते सांगावयास लावावे आणि त्याचे कथन त्याच्याच बोलीत उतरून घ्यावे. वर्षभरात कथनाची लांबी, वाक्यांची जोडणी आणि दोन्ही भाषारूपांमधील ये-जा यांत काय फरक पडला हे पाहिले म्हणजे त्या केंद्राने काय केले ते कळेल.

आणि एक दक्षता. घटनेच्या ४५ व्या अनुच्छेदाने, २००२ च्या दुरुस्तीनंतर, सहा वर्षांखालील सर्व बालकांच्या संगोपनासाठी व शिक्षणासाठी राज्याने प्रयत्नशील राहावे असे सांगितले आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या ११ व्या कलमात मात्र शासन तशी व्यवस्था ‘करू शकेल’ असे क्रियापद आहे. सहा वर्षांवरील मुलाच्या शिक्षणास हक्काचे क्रियापद लाभले, त्याखालच्या मुलास शक्यतेचे. ज्याच्या बाजूस कायद्याचे क्रियापदही दुर्बळ आहे त्याची शाळा भागाकाराच्या एका ओळीवर बंद होऊ शकते. म्हणूनच ती ओळ लिहिण्यापूर्वी तिच्यातून कोणते मूल वगळले गेले हे पाहणे मूल्यमापकाचे पहिले कर्तव्य ठरते. ताराबाईंनी बोर्डीच्या रिकाम्या जागांकडे पाहून जो प्रश्न विचारला होता तोच वालावलच्या वाड्यांतही विचारावयाचा आहे : मूल आले नाही, शाळा त्याच्यापर्यंत गेली होती काय?